टोपीचा धडा

…आणि त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखंच आधी पाणी भरलं, मग केर काढला, मग दूध तापत ठेवलं, आणि ते वर येईपर्यंत हात रिकामे कशाला ठेवायचे म्हणून एक लोकरीचा कपडा साबणाच्या बादलीत भिजत घातला (कोणता, ते शेवटी सांगते). कोपरापर्यंत फेस आणि दारात जावईबापू. बर्फाच्या कारखान्यातून तसेच धावत आलेले, पायात कामाचे बूट, ओठ निळे. "आई, चला. तिला नेलंय," एवढंच म्हणाले आणि वळले. कुठे नेलंय, कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती. लेकीचे दिवस भरायला अजून दोन महिने होते, म्हणजे बातमी चांगली असायचं काही कारण नव्हतं. मी हात झटकत निघाले. मागे दूध उतू गेलं, शेगडी वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं येऊन बंद केली, आणि तिचे ते उपकार मी अजून फेडते आहे, कारण ती दर दोन दिवसांनी त्यांची आठवण करून देते.

वन्सं, नमस्कार. तो आधी घालायचा असतो हे मला कळतं. पण मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्या उलगडून, त्यांच्या कागदावर. तिथे प्रत्येक गोष्ट मधूनच सुरू होते आणि ऐन रंगात आली की फाटते. त्याचं वळण हाताला लागलंय. तर, तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा दुखत होता, त्याच्या आधीच्या पत्रात डावा. दोघांनी पाळ्या लावून घेतलेल्या दिसतात. खोकला कमी आहे का? डोळ्यांत थेंब घालता की बाटली नुसती उशाशी ठेवता? इथे मी बरी आहे. म्हणजे पित्त आहे, झोप नाही, पण पत्रात त्याला बरी म्हणायची रीत आहे. हे गेल्यापासून चहा अजून दोघांचाच होतो. सवय हाताला असते, तिला कोणी कळवत नाही. दुसरा कप ओतून देववत नाही, म्हणून तोही मीच पिते. माझ्या पित्ताचं कारण डॉक्टरांना सापडत नाही ते हेच, पण त्यांना कुठे सांगत बसू?

तुमची तिन्ही पत्रं पोचली. त्यांतला मुद्दा माझ्या लक्षात आहे आणि त्यावर मी येणारच आहे. (तिसरं पत्र तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत, त्यामुळे तो पोस्टमनच्याही लक्षात आहे. तो रोज विचारतो, "पाठवला का हो?") आधी इकडचं ऐका, म्हणजे मुद्द्याला उशीर का झाला ते कळेल.

नात झाली. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी, पायाला चिकटपट्टी, आणि अंग असं की सोललेल्या चिमणीनं लाजावं. मी काचेतून पाहिलं आणि माझ्या मनानं तिथल्या तिथे तिचं सगळं आवरून टाकलं. माझं मन तुम्हाला माहीत आहे; वाईटाची वाट बघायला ते कधी थांबत नाही, आधीच पुढे जाऊन जागा धरून बसतं. म्हणून मी एक झबलं शिवलं नाही, एक दुपटं काढलं नाही. नाव मात्र माझ्याच तोंडून पडलं. यांनी जन्मभर तराजू दुरुस्त केले. दोन पारडी सारखी होत नसली की हलक्या बाजूला चिमटीत मावेल असा शिशाचा तुकडा अडकवायचे, तो पासंग. परिचारिकेनं पेटीतून काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी म्हटलं, "हा तर पासंग आहे." लेकीला राग आला. "आई, लोक मुलीला चांदणी म्हणतात, फूल म्हणतात, आणि तू शिशाचा तुकडा म्हणतेस?" मी म्हटलं, शिसं जड असतं, त्याचा तरी गुण लागू दे. आता सगळे पासंगच म्हणतात. खरं नाव ठेवायचं आहे, पण त्याची घाई मी कोणाला करू देत नाही. का, ते तुम्ही विचारू नका.

पेटीतून सुटून ती लेकीबरोबर माझ्या घरी आली तेव्हा वजन दोन किलोच्या आतच होतं. सोबत घरी येऊन तपासणारी एक सिस्टर आली. आवाज शाळेच्या घंटेसारखा. तिनं चपला काढायच्या आत नियम सांगितले. आईचं दूध, तेही चोखायची ताकद येईपर्यंत वाटीत काढून, चमच्यानं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, ती झोपली असली तरी उठवून. मध नाही, पाण्याचा थेंब नाही, पावडर नाही, शेजारीण नाही. शेवटचं ती शिंपिणीकडे बघून म्हणाली, कारण शिंपीण मेजपट्टी गळ्यात घालून दारातच उभी होती. शिंपिणीचं म्हणणं असं की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, तेव्हा आमचं नेमकं कितव्यातलं ते एकदा ठरवून टाकावं. ती बोटांवर मोजायला लागली. सातवा सरता सरता की आठवा लागता लागता, यावर तिची बोटं दोन वेळा चुकली. सिस्टर म्हणाली, "बाई, तुमचं मशीन उघडं राहिलंय वाटतं." शिंपीण गेली, पण जिन्यातून ओरडलीच, "माझी मावससासू सातव्यातली! अजून भांडते!"

जावईबापूंची गंमत वेगळी. गंमत म्हणजे काय, आपलं म्हणायचं. माणूस दिवसभर बर्फाच्या लाद्या ओढतो. घरी आला की हात असे गार की त्यांनी पाण्याला बोट लावलं तर पाणी दचकावं. लेकीनं त्यांना खोलीच्या उंबऱ्यावरच थांबवलं. ते बिचारे दोन्ही हात काखेत घालून दारात उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे, "झोपली का? प्यायली का? आज किती प्यायली?" एकदा मी बघितलं तर गल्लीच्या तोंडाशी उन्हात, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे. मला वाटलं चक्कर आली. "नाही आई," म्हणाले, "तापतोय."

आणि मग सिस्टरनं कांगारू काढला. मुलाला नुसती टोपी, मोजे आणि लंगोट घालून मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड बांधायचं, आणि तासन्‌तास तसंच बसायचं. अंगाची ऊब मिळाली की मुलाची ताकद थंडीशी झगडण्यात जात नाही, वाढण्यात जाते. मला कांगारू माहीत होता. शेंगदाण्याच्या पुडीवर होता: पिल्लू बोटाएवढं जन्मतं, आईच्या पिशवीत चढतं, तिथेच वाढतं, आणि पिशवीतून बाहेर आल्यावर ते… इथे कागद फाटला होता. मी सिस्टरला विचारलं, बाहेर आल्यावर त्याचं काय होतं? ती म्हणाली, "आजी, आधी आत तर घाला."

लेक बसायची. पण चार दिवसांत तिच्या छातीत दूध साकळलं, ताप चढला, औषध सुरू झालं. ताप उतरेपर्यंत दूध तेवढं काढून देत जा आणि ऊब दुसऱ्या कोणीतरी द्या, असं सिस्टरनं सांगितलं. जावईबापू कामावर. राहिले मी. वन्सं, मला नको होतं. लाज नव्हे, या वयात लाज कसली. ज्याचा आपण मनात निरोप घेऊन टाकलाय त्याला पुन्हा उराशी धरायचं, हे मला नको होतं. पण लेक तापानं फणफणलेली, तिला हे सांगणार कसं? धरलं. तिचं डोकं माझ्या गळ्याच्या खड्ड्यात बसलं, मापानं शिवल्यासारखं. हे गेले तेव्हा डॉक्टर येईपर्यंत मी यांच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. काही लागत नव्हतं, तरी धरून बसले होते. आता तेच बोट मी तिच्या नाकाखाली धरते. लागतं. थांबतं की काय असं वाटतं, आणि पुन्हा लागतं. दिवसभर मी दुसरं काही करत नाही. जे हाताला येतं ते तिला मोठ्यानं वाचून दाखवते. माणसाचा आवाज चांगला असतो म्हणे. तिला आतापर्यंत साबणाच्या वेष्टणावरची माहिती, एका खुनाच्या खटल्याचा मधला भाग आणि पंप विकणे आहे एवढं ऐकवून झालंय. पंपाला ती जांभई देते.

आता मुख्य फजिती. सिस्टरचा पुढचा फेरा लांब, आणि लेकीचा जीव रोज टांगणीला: वाढतंय का, वाढतंय का? मी म्हटलं, तराजू दुरुस्त करणाऱ्याचं घर हे, आणि आपण वजनाला परक्याच्या तोंडाकडे बघायचं? यांचं बंद दुकान उघडलं. आत धूळ, आणि ओट्यावर चष्मा होता तिथेच. त्याच्याकडे न बघता यांचा स्वतःचा पारखायचा तराजू उचलला, घरी आणून उकळत्या पाण्यानं धुतला, पारड्यात मऊ कापड घातलं आणि तिन्हीसांजेला पासंगला ठेवली. त्या दिवसापासून रोज हा सोहळा. मी वजनं टाकायची, लेक श्वास रोखून काट्याकडे बघायची, जावईबापू उंबऱ्यावरून मान लांब करायचे, आणि वन्सं, रोज वाढ! कधी थोडी, कधी भरघोस. लेक हसायला लागली. ताप उतरला, चार घास जास्त जेवली, दूध वाढलं. जावईबापूंनी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. आणि मी (हे तुम्हालाच सांगते) एका संध्याकाळी मनात म्हटलं, राहते वाटतं ही. असं मी बऱ्याच काळात कशाबद्दल म्हटलं नव्हतं.

सिस्टर आली. तिनं खिडकी लावली, पासंगला पूर्ण उघडी केली, आपल्या पिशवीतल्या काट्यावर ठेवली आणि आकडा दोनदा बघितला. 

"आजी, घरी वजन करता म्हणालात ना?"

"रोज. यांचा तराजू आहे, कधी खोटं बोललेला नाही."

"कपडे काढून करता?"

"अहो, थंडी नाही का वाजणार तिला?"

सिस्टरनं बाजूला काढलेली टोपी, मोजे, हातमोजे, बिनबाह्यांची बंडी, तिच्या अस्तरासकट, सगळ्याचा गठ्ठा उचलला आणि तिच्या काट्यावर ठेवला. आम्ही तिघंही तो आकडा बघत राहिलो. गोष्ट अशी की छातीवर मूल बांधून बसलं तरी हात मोकळे असतात, आणि मला दोनच गोष्टी विणता येतात, टोपी आणि मोजे (बंडी म्हणजे खालून न मिटवलेली टोपीच). एक दिवस टोपी झाली. दुसऱ्या दिवशी मोजे. टोपी कानावर येत नव्हती, म्हणून तिला कानपट्ट्या जोडल्या. मग बंडी, मग बंडीला अस्तर. दर संध्याकाळी नवीन विणलेलं अंगात घालून मी तिला पारड्यात ठेवत होते.

"आजी," सिस्टर म्हणाली, "मूल नाही वाढलेलं. टोपी वाढलीय."

वन्सं, यांच्याबरोबर संसार करताना मी एक गोष्ट जेवणाइतक्या वेळा ऐकली असेल. तेल घ्यायला भांडं नेलं की आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा. म्हणजे दुसऱ्या पारड्यात तेवढाच भार टाकून दोन्ही बाजू सारख्या करायच्या, आणि मगच तेल ओतायचं. जो दुकानदार धडा करत नाही तो भांडं तेलाच्या भावानं विकतो, असं हे म्हणायचे, आणि अशा दुकानदाराचा काटा दुरुस्त करून द्यायला सरळ नकार द्यायचे. त्या माणसाच्या बायकोनं टोपी बाळाच्या भावानं विकली, आणि गिऱ्हाईक कोण, तर पोटची लेक. शाळेत जाऊन माणसं धडे शिकतात. मी शाळेत गेले नाही, आणि घरातला एकच धडा होता तो विसरले.

सिस्टर रागावली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, अगदीच वाढली नाही असं नाही, पण पुरेशी नाही. चमचे वाढवा, ऊब वाढवा, कपडे वाढवू नका. पुढच्या फेऱ्याला आकडा हलला नाही तर पुन्हा दवाखान्यात, पुन्हा पेटी. ती गेल्यावर मला वाटलं लेक आता मला बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पासंगला घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं गं, आई." बस, एवढंच. जावईबापू उंबऱ्यावरून म्हणाले, "आता त्या चहाचं काय करायचं?" आणि कोणी हसलं नाही, तेव्हा तेही मोरीवर जाऊन भांडी घासायला लागले.

तेव्हापासून तराजू कपाटावर आहे. घरात कोणी वजन हा शब्द काढत नाही. दिवसा मी धरते, संध्याकाळी लेक, आणि सुट्टीच्या दिवशी जावईबापू. त्यांना सिस्टरनंच बसवलं. बापाची छाती चालते, फक्त आधी तापवून घ्या म्हणाली. ते गरम पाण्यानं आंघोळ करतात, चादर गुंडाळून बसतात आणि हाक मारतात, "आणा, तापलो." पासंग त्यांच्या छातीवर पसरते आणि ते तिला बर्फाची लादी न फोडता गाडीवर कशी चढवायची ते सांगतात. लेकीचा आणि माझा अबोला नाही, पण बोलणं चमच्यापुरतं आहे. किती गेले, किती सांडले. काल पासंगनं पहिल्यांदा चमचा सोडून लेकीला धरून चोखलं, थोडंच, मग दमून झोपली. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी काही बोलणार नाही, माझ्या बोलण्याचा धडा केलेला नसतो. तेव्हा तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

उद्या सिस्टरचा फेरा आहे. पत्र इथे थांबवते. गुडघ्यांना शेक द्या, दोघांनाही, पाळी कोणाचीही असो. तुमच्याकडच्या मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना माझ्याकडे शिल्लक असेल तेवढा आशीर्वाद.

तुमची भावजय

ता.क. आता मुद्दा. यांचा राखाडी स्वेटर, तुम्ही विणलेला, भावाची आठवण म्हणून तुम्ही तीनदा मागितलात. पहिल्या दोन वेळा मी उत्तर दिलं नाही, कारण त्याच्या कॉलरला यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता आणि मी तो धूतच नव्हते. तिसऱ्या पत्रानंतर ठरवलं, वन्संचा हक्क आहे, धुऊन पाठवू. बादलीत भिजत घातला तो तोच. दवाखान्यातून दोन दिवसांनी परत आले तेव्हा पाणी काळं झालं होतं आणि वास गेला होता. वाळवला, घडी केली, पुडा बांधला. मग पासंग घरी आली, सिस्टर म्हणाली टोपी हवी, आणि घरात दुसरी लोकर नव्हती. पुडा सोडला आणि उजवी बाही उसवली. तर वन्सं, टोपी, मोजे, बंडी, अस्तर, सगळं त्यातलंच. आम्ही रोज संध्याकाळी पोरीच्या वजनात तुमच्या भावाचं वजन धरत होतो. पोस्टमनला मी अजून काही सांगितलेलं नाही.

ता.क. दुसरा. डाव्या बाहीचाही तसाच जोड केला, मापाला माप, टाक्याला टाका: एक अंगावर, एक धुण्यात. पाठ आणि पुढचा भाग शाबूत आहेत, ते पाठवत नाही. कारण मला टोपी आणि मोजेच येतात. बाही लावायची, गळा वळवायचा, हे तुम्हालाच जमतं. पासंग राहिली तर थंडीत तिला स्वेटर लागेल. सुया घेऊन या. पाहुणे चालत नाहीत, पण सिस्टरला मी सांगितलंय की येणारी बाई पाहुणी नाही, आमच्या लेकीची सख्खी आत्या आहे, आणि तिचा हात गरम असतो. याल ना?

ता.क. तिसरा. पत्र काल टाकायचं राहिलं, म्हणून आजचंही लिहिते. सिस्टर आली, उघडी करून वजन केलं. वाढलंय. फार नाही, पण पेटी नको म्हणाली. लेक रडली, जावईबापू न तापताच उंबरा ओलांडून आत आले आणि कोणी अडवलं नाही. सिस्टर गेल्यावर मी कपाटावरचा तराजू खाली काढला. एका पारड्यात कपड्यांसकट पासंगला ठेवली, दुसऱ्यात धुतलेला जोड, आणि मग वजनं टाकली. सिस्टरच्या काट्याइतकंच भरलं. लेकीला बोलावून दाखवलं. मग तराजू पुसून ठेवला आणि पाणी भरायला गेले.